गुलाबाची शिंक

गझलेत गुलाब आला की ऐकणाऱ्याला सुगंध आठवतो. मला शिंक आठवते. तिशीपासून माझी सकाळ पंधरा-वीस शिंकांनी सुरू व्हायची. नाकाला धार, डोळ्यांना खाज. अम्मी म्हणायची, ‘‘नजला झालाय तुला, काढा घे.’’ मित्र म्हणायचे, ‘‘तुझ्या शेराआधी तुझी शिंकच दाद घेऊन जाते!’’

पुढे वाचनात आले, की हे दुखणे फार जुने आहे. इराणातल्या रय शहरचे थोर हकीम राझी यांचे निधन 925च्या सुमारास झाले. वसंतात गुलाब हुंगल्यावर अबू झैद बल्खी या विद्वानाला सर्दी का होते, यावर त्यांनी एक लेखच लिहिला होता. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही एका शहाण्या माणसाला गुलाबाने रडवले होते! ते वाचून मला फार धीर आला.

युरोपात या दुखण्याची पहिली नीट नोंद केली ती लंडनच्या जॉन बोस्टॉक यांनी, 1819 साली. डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ‘जे. बी.’ नावाच्या रुग्णाची हकिगत वाचली. तो रुग्ण म्हणजे ते स्वतःच. रक्त काढणे, थंड पाण्याने स्नान, अफू, सगळे करून झाले होते, गुण नव्हता. दोष उन्हाळ्याच्या उकाड्याचा, असे त्यांना वाटे. खरा चोर पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास. त्यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले, पतंगाला चिकट काच बांधून वरच्या हवेतले पराग गोळा केले आणि 1873 साली पुस्तक लिहून सांगितले, की दोष उकाड्याचा नाही, परागांचा आहे. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतरचा. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो 1906 साली घडवला.

कारण सापडले, पण औषध? नाकावाटे औषध देणे आपल्याकडे नवे नाही. चरकसंहितेत नस्य आहे, त्यासाठीचे अणुतेल आहे. विसाव्या शतकात मात्र बाजारात नाक झटपट मोकळे करणारे थेंब आले. सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आकसून टाकतात आणि पाच-दहा मिनिटांत श्वास सुटतो. इथेच माझा घात झाला.

चाळिशीत मी औषधाच्या दुकानातून, कुणाला न विचारता, अशी बाटली आणली. पहिल्या रात्री गाढ झोपलो. पुढे बाटली उशाखालीच असे. हे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरायचे नसतात. जास्त वापरले तर औषधाचा असर ओसरताच नाक आणखी घट्ट बंद होते आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. मी ती तीन वर्षे वापरली. वास येणे जवळजवळ थांबले. त्याच काळात अम्मीच्या हातचा शेवटचा शीरखुर्मा मी खाल्ला. गोड लागला, पण वेलदोड्याचा, केशराचा वास काही आला नाही. पुढच्या ईदला ती नव्हती.

मग एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ते थेंब बंद करायला लावले आणि दुसरी बाटली लिहून दिली, स्टेरॉइडच्या फवाऱ्याची. नाव ऐकूनच मी दचकलो. त्या म्हणाल्या, ‘‘गोळी सगळ्या अंगात जाते. याची मात्रा अगदी थोडी, आणि काम मुख्यतः नाकातच.’’ डेन्मार्कचे नील्स मिगिंद यांनी 1973 साली बेक्लोमेथासोन या औषधाचा असा फवारा परागांच्या त्रासावर उपयोगी पडतो, हे दाखवून दिले होते.

पंधरवड्याने मी तक्रार घेऊन हजर. ‘‘कसा मारता, दाखवा,’’ त्या म्हणाल्या. मी मान मागे टाकली, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखले आणि जोरात हुंगले. त्या हसल्या. ‘‘अहो, हे औषध तुमच्या घशात चाललंय!’’

मग त्यांनी शिकवले. आधी नाक शिंकरून घ्या. बाटली हलवा, नवी असेल तर धुके नीट येईपर्यंत हवेत दाबा. मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा; म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. मधल्या पडद्यावर मारलात तर नाक कोरडे पडते, रक्तही येते. दाबताना श्वास हळुवार घ्या, फूल हुंगावे तसा. लगेच नाक शिंकरू नका. टोक पुसून ठेवा. आणि सांगितले तितके दिवस रोज घ्या, कारण पुरता गुण यायला एक-दोन आठवडे लागतात.

राझींपासून मिगिंदपर्यंत हजार वर्षे गेली. एवढ्या लांबून आलेले औषध हातात असूनही मी ते घशात घालवत होतो; चूक मनगट वळवण्याएवढी. तुमच्या घरातही अशी एखादी बाटली असेल. ती कोणती आहे आणि कशी घ्यायची, हे डॉक्टरांना एकदा विचारा. त्यांच्यासमोर एकदा वापरून दाखवा.

माझे नाक दोन महिन्यांनी उघडले. ईदला बायकोने पातेल्यावरचे झाकण काढले आणि वेलदोड्याचा वास स्वयंपाकघरातून थेट माझ्यापर्यंत आला. मी पहिल्यांदा अम्मीची खुर्ची पाहिली. डोळ्यांतून पाणी आले. ते ॲलर्जीचे नव्हते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)