नव्वद बोल्ट

बीदरला हवाई दलाचे वैमानिक तयार होतात. निर्ण्याच्या माणसाला विमानाचे तेवढे नवल नाही. पण पान्यावरचा हात कुणाचा, हे कोण विचारतो?

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच १७,३०० फुटांवर निखळली. कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सेवकांनी वीस मिनिटे त्याला धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले. सारे वाचले, कप्तानही!

ती काच सत्तावीस तासांपूर्वीच बसविलेली. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक, उरलेले आखूड. रात्रपाळीला माणसे कमी, म्हणून पाळीप्रमुख स्वतःच राबला. कामचुकार म्हणावे असा तो नव्हे. त्याने जुन्या बोल्टाशी नजरेने जोड जुळविली. आम्ही मास्तर याला अंदाजपंचे म्हणतो. जुने बोल्टही मुळात चुकीचेच होते! आणि त्या कामाची दुसऱ्याने तपासणी करण्याचा नियमच नव्हता.

जपानी विमानाच्या शेपटीकडील पडदीची दुरुस्ती १९७८ सालची. रिव्हेटांच्या दोन ओळींचे काम तेथे एकीवर भागले होते. विमान सात वर्षे उडत राहिले. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ५२० माणसे गेली.