क्यू-शाफ्टची निगा

पूल वा स्नूकरच्या क्यूचा टिपेकडील निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. पूलसाठी तो बहुधा मेपलचा, स्नूकरसाठी बहुधा ॲशच्या लाकडाचा असतो. टिपेजवळची जाडी पूलमध्ये 12 ते 13 मिलिमीटर, स्नूकरमध्ये 9 ते 10. बोटांमधून हाच भाग सरकत असल्याने घाम, चॉकची भुकटी आणि टाल्कम पावडर त्यावर बसते, शाफ्ट चिकट होतो आणि फटका अडखळतो.

महाराष्ट्रात बिलियर्ड्स आणि स्नूकर हे क्यूचे खेळ जिमखान्यांत वाढले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कोलकात्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. जिमखान्यात टेबल आणि क्यू सांभाळायला मार्कर असे. आता कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टांत आणि फार्महाउसांत पूल टेबल सर्रास दिसते, पण मार्कर नसतो. क्यू वर्षभर भिंतीला टेकून राहतात.

याच पट्ट्यातले, वांगणी आणि नेरळ या स्थानकांमधले शेलू (ता. कर्जत) माथेरानच्या डोंगरापासून फार दूर नाही. तालुक्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. इथे मळापेक्षा दमट हवा शाफ्टचे जास्त नुकसान करते. लाकूड ओलावा शोषून जाडीत फुगते, टिपेखालचे फेरूल, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे कडे, तसे फुगत नाही. म्हणून जुलैत दोन्हींच्या सांध्यावरून नख फिरवले की लाकडाची बारीक कड लागते. ती पॉलिश पेपरने घासून सपाट केली, तर जानेवारीत लाकूड आकसून फेरूलच वर राहते, आणि गेलेली जाडी काही परत येत नाही. पावसाळ्यात शाफ्टला पॉलिश पेपर लावूच नये.

खेळ संपताच कोरड्या मऊ कापडाने शाफ्ट पुसला तर निम्मे काम होते. जुना थर असेल तर कापडाचा कोपरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला करून एका वेळी वीतभर भाग पुसावा आणि लगेच कोरडा करावा. क्यूच्या मागच्या भागाला ते लागू देऊ नये, तिथले पॉलिश खराब होऊ शकते. मग चामड्याच्या तुकड्याने, हाताला ऊब लागेपर्यंत, जोराने घासावे. तंतू दबून शाफ्ट गुळगुळीत होतो. बारीक खोच पडली असेल तर तेवढ्याच जागी पाण्याचा थेंब टेकवावा, दबलेले तंतू फुगून वर येतात. ॲशच्या शाफ्टला अधूनमधून जवसाच्या तेलाचा पुसट हात देऊन जादा तेल पुसून काढतात. तेल लागलेली चिंधी चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावी: जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंधी आपोआप पेटू शकते.

क्यू भिंतीला तिरकी टेकवू नये. उभ्या स्टँडमध्ये किंवा केसमध्ये ठेवावी आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाकावी. उन्हात तापलेल्या मोटारीच्या डिकीत ती सोडू नये. एकदा वाकलेला शाफ्ट क्वचितच कायमचा सरळ होतो. तो बदलावा लागतो.