स्नॉर्टमधील डेटाबेस नोंदणी

स्नॉर्ट या मुक्त स्रोत घुसखोरी-शोधक प्रणालीने दिलेले इशारे साध्या मजकूर फाइलऐवजी संबंधात्मक डेटाबेसमध्ये साठवण्याच्या व्यवस्थेस स्नॉर्टची डेटाबेस नोंदणी असे म्हणतात. आरंभी स्नॉर्ट स्वतःच डेटाबेसमध्ये नोंदी लिहीत असे. पुढे हे काम बार्नयार्ड२ या स्वतंत्र प्रोग्रॅमकडे गेले आणि २०१२ साली २.९.३ या आवृत्तीपासून थेट नोंदणीची सोय स्नॉर्टमधून काढून टाकण्यात आली.

पार्श्वभूमी

स्नॉर्टची निर्मिती मार्टिन रोश यांनी १९९८ साली केली. नेटवर्कवरून जाणारे प्रत्येक पॅकेट ही प्रणाली नियमांशी ताडून पाहते व नियम जुळल्यास इशारा देते. मजकूर फाइलमधील इशारे एकामागून एक वाचावे लागतात. एखाद्या पत्त्यावरून महिनाभरात किती प्रयत्न झाले, किंवा एकच हल्ला अनेक सेन्सरांवर दिसला काय, अशा प्रश्नांची उत्तरे त्यातून सहजी मिळत नाहीत. डेटाबेसमुळे ही सोय झाली. त्यातील नोंदी ब्राउझरमध्ये पाहण्यासाठी रोमन डॅनिलिव यांनी ॲसिड हे साधन तयार केले. त्याच्याच आधारे पुढे बेस हे साधन विकसित झाले.

थेट नोंदणीतील दोष

थेट नोंदणीत पॅकेट तपासणे व डेटाबेसमध्ये लिहिणे ही दोन्ही कामे एकाच प्रक्रियेत होत. एका टीसीपी इशाऱ्यासाठी साधारणतः चार तक्त्यांत भर घालावी लागते. डेटाबेसचा प्रतिसाद येईपर्यंत स्नॉर्ट थांबून राही आणि त्या अवधीत आलेली पॅकेटे न तपासता सुटण्याचा संभव असे. हल्ला जितका मोठा, तितके इशारे अधिक व खोळंबाही अधिक. म्हणजे पहाऱ्याची गरज सर्वाधिक असताना तो सर्वांत दुबळा होई.

बार्नयार्ड२ची कार्यपद्धती

या व्यवस्थेत स्नॉर्ट आपले इशारे युनिफाइड२ या द्विमान स्वरूपाच्या फाइलमध्ये लिहितो. हे लेखन जलद असते. बार्नयार्ड२ ती फाइल वाचून मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल आदी डेटाबेसमध्ये नोंदी करतो. कोठवर वाचून झाले याची खूण तो वाल्डो नावाच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. डेटाबेस बंद पडल्यास स्नॉर्टचे काम अडत नाही. इशारे डिस्कवर साठत राहतात व पुढे त्या खुणेपासून नोंदणी चालू करता येते.

डेटाबेसची रचना

इव्हेंट हा मुख्य तक्ता होय. त्यातील प्रत्येक ओळ सेन्सरचा क्रमांक व घटनेचा क्रमांक यांच्या जोडीने ओळखली जाते. पॅकेटच्या शीर्षांची माहिती आयपी, टीसीपी, यूडीपी व आयसीएमपी यांच्या स्वतंत्र तक्त्यांत, तर पॅकेटमधील मजकूर डेटा या तक्त्यात असतो. नियमाचे नाव प्रत्येक इशाऱ्यासोबत न लिहिता सिग्नेचर या तक्त्यात एकदाच ठेवले जाते.

या रचनेतील दोन गोष्टी नवख्यास चकवतात. नियमांत ‘एसआयडी’ म्हणजे नियमाचा क्रमांक. इव्हेंट तक्त्यात मात्र तेच अक्षरसमूह सेन्सरचा क्रमांक दर्शवतात. दुसरे असे की, आयपी पत्ते पूर्णांकाच्या रूपात साठवले जातात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१ हा पत्ता ३२३२२३५७७७ असा दिसतो. ३२ बिटांच्या या स्तंभात आयपीव्ही६ पत्ता मावत नाही.

उभारणी

१. रिकामा डेटाबेस व त्यासाठी मर्यादित अधिकारांचा स्वतंत्र वापरकर्ता तयार करणे.
२. बार्नयार्ड२सोबत मिळणाऱ्या फाइलद्वारे तक्ते निर्माण करणे.
३. स्नॉर्टच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये युनिफाइड२ हे उत्पादन-स्वरूप व फाइलची आकारमर्यादा नमूद करणे.
४. बार्नयार्ड२च्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डेटाबेसचा प्रकार, नाव, यजमान संगणक, वापरकर्ता व परवलीचा शब्द देणे.
५. इशाऱ्यांची फाइल व वाल्डो फाइल यांचे स्थान सांगून बार्नयार्ड२ सुरू करणे.
६. पिंगवर इशारा देणारा तात्पुरता नियम लिहून इव्हेंट तक्त्यात ओळी वाढतात की नाही हे पाहणे. स्थानिक नियमांना १०,००,००० पासून पुढचे क्रमांक देण्याचा प्रघात आहे.

नियम अद्ययावत करताना क्रमांक व नावे यांची जुळणी सांगणारी फाइलही बदलावी लागते. ती जुनी राहिल्यास नोंदीत नियमाच्या नावाऐवजी केवळ क्रमांक दिसतो. अनेक सेन्सर असल्यास त्या सर्वांची घड्याळे जुळलेली असणे आवश्यक असते. अन्यथा घटनांचा क्रम चुकीचा लागतो.

सुरक्षितता

डेटा तक्त्यात पकडलेल्या पॅकेटमधील मजकूर असल्याने, सांकेतिक नसलेल्या दळणवळणातील परवलीचे शब्द व खासगी पत्रव्यवहारही तेथे येऊ शकतो. म्हणून हा डेटाबेस स्वतःच जपण्याची वस्तू ठरतो. तो सार्वजनिक नेटवर्कवर खुला न ठेवणे, सेन्सरपासूनची जोडणी सांकेतिक करणे, परवलीचा शब्द असलेली कॉन्फिगरेशन फाइल इतरांस वाचता येऊ न देणे व जुन्या नोंदी ठरावीक मुदतीने काढून टाकणे ही काळजी घ्यावी लागते. नोंदी काढल्या नाहीत तर तक्ते फुगून शोधही मंदावतो.

सद्यस्थिती

स्नॉर्टचा विकास करणारी सोर्सफायर ही कंपनी २०१३ साली सिस्कोने विकत घेतली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या स्नॉर्ट ३ मध्ये जेसन स्वरूपात इशारे लिहिण्याची सोय आहे. सुरिकाटा ही प्रणालीही आपल्या नोंदी त्याच स्वरूपात देते. अशा फाइली वाचून शोधयंत्रणेत भरण्याचे काम वेगळे प्रोग्रॅम करतात. साधने बदलली, तरी शोध घेणाऱ्याने नोंदीसाठी थांबू नये हे तत्त्व कायम राहिले आहे.