गांडूळखत, घरगुती

गांडुळांनी कुजका कचरा खाऊन टाकलेल्या विष्ठेचे काळपट, रवाळ खत. त्यासाठी शेतात खोल बिळे करणारे गांडूळ उपयोगी नाही. पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जाती लागतात. तळाला भोके पाडलेल्या टबात सोयाबीनचे कुटार, त्यावर १५–२० दिवसांचे शेण, मग गांडुळे आणि भाज्यांची देठे-साली असे थर देतात. ताजे शेण तापते व गांडुळे मरतात. अमरावतीकडे संत्र्याच्या साली मुबलक. परंतु त्यांतील आम्ल व तेल गांडुळांना सोसत नाही, म्हणून त्या थोड्याच घालाव्यात.

वऱ्हाडात खरी कसोटी उन्हाळ्याची. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत चढतो, तर ३५ अंशांपुढे गांडुळे तग धरत नाहीत. त्यामुळे टब गच्चीवर नव्हे, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. मुठीत दाबल्यास ओल जाणवावी, पाणी टपकू नये. मुंग्या लागू नयेत म्हणून टब पाणी भरलेल्या वाट्यांतील विटांवर ठेवणे उत्तम.

दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. ते काढण्यापूर्वी ३–४ दिवस पाणी थांबवून उजेडात ढीग केला की गांडुळे तळाशी जातात. मध्यम कुंडीला महिन्याकाठी दोन मुठी खत पुरते.