मॉरिशसचा राघू

आमच्या पुनावळ्यात रोज सकाळी पोपटांचा थवा ओरडत जातो. परवा गच्चीत नातीनं विचारलं, "आजोबा, हे पोपट कधी संपतील का हो?" मी हसलो. एवढे थवेच्या थवे, संपतील कसे? आणि मग मॉरिशस आठवलं.

१८३४ पासून उसाच्या मळ्यांत राबायला हिंदुस्थानातली माणसं तिथे नेली गेली. त्यांत आपली मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. १८८६ च्या सुमारास आपला कंठवाला पोपटही त्या बेटावर मोकळा झाला.

तिथला मूळचा पोपट म्हणजे इको पॅराकीट. दिसायला आपल्या राघूसारखाच, पण जरा गडद आणि आखूड शेपटीचा. उसासाठी जंगल तुटलं, जुनी झाडं गेली, म्हणजे ढोल्याच गेल्या. उरलेल्या ढोल्यांवर आपल्या पाहुण्यानं हक्क सांगितला. शिवाय उंदीर-माकडं अंडी पळवायची. १९८० च्या दशकात जेमतेम दहा-बारा पक्षी उरले!

कार्ल जोन्स नावाचा गृहस्थ १९७९ साली तिथे गेला आणि रमला. त्यानं आणि सहकाऱ्यांनी ढोल्या डागडुजी करून सुरक्षित केल्या, लाकडी पेट्या टांगल्या, रानात खाणं ठेवलं. घरट्यात दोन-तीन पिल्लं झाली तरी बहुतेक वेळा एकच जगायचं. म्हणून जास्तीची पिल्लं उचलून हातानं भरवली आणि मोठी झाल्यावर रानात सोडली. पुढे २००४-०५ च्या सुमारास चोच-पिसांच्या रोगाची साथ आली. तरी काम थांबलं नाही. आज ती संख्या सातशेच्या वर गेली आहे.

मंडळी, मी वर्षानुवर्षं वर्गात त्याच बेटावरचा डोडो शिकवला. "माणसानं संपवला", एवढं सांगून तास संपवायचो. माणसानं वाचवलेला हा राघू मात्र एकदाही शिकवला नाही. ही माझी चूकच.

दुसरी चूक अलीकडची. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कडेचा जुना उंबर तोडला. त्यात ढोली होती, पोपट ये-जा करताना मी रोज पाहत होतो. तरी सभेत गप्प बसलो.

नातीला सांगितलं, "संपतात गं बाळा. पण कुणी चिकाटीनं मागे लागलं, तर परतही येतात."

आता सुताराकडे एक पेटी करायला टाकली आहे. राहायला कोण येतं, बघू या.