ग्राहक किंमत निर्देशांक व क्रयशक्ती

ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे वस्तू व सेवांच्या ठरावीक टोपलीची किंमत पायावर्षाच्या तुलनेत किती बदलली हे दाखवणारा आकडा. त्याच्या वार्षिक वाढीवरून किरकोळ महागाईचा दर काढतात. हा दर उतरला म्हणजे भाव उतरले असे नव्हे. भाव चढण्याचा वेग फक्त मंदावतो, वाढलेले वाणसामानाचे बिल वाढलेलेच राहते.

टोपली सरासरी कुटुंबाची असते, आणि खरी अडचण इथेच आहे. भारतातील २०१२ पायावर्षाच्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८, तर शहरी भागात ३६.२९ टक्के होता. तो २०११-१२ च्या खर्च पाहणीवर आधारलेला. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के आढळला, म्हणजे मधल्या काळात टोपली शिळी झाली होती. तरीही गरिबाच्या घरात अन्नाचा वाटा सरासरीहून जास्तच असतो. डाळ-कांदा कडाडला की त्याची महागाई जाहीर आकड्याच्या पुढे जाते. घरभाडे निर्देशांकात येते, घराची खरेदी-किंमत येत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात कर्जाचे हप्ते फेडणाऱ्यांची ओढाताण त्यात उमटत नाही.

क्रयशक्ती, म्हणजे हाती असलेल्या पैशात किती विकत घेता येते ते, फक्त भावांवर नव्हे तर अखेर उत्पन्नावरही ठरते. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या स्वतंत्र निर्देशांकाशी जोडलेला आहे. घरकामगार स्त्रिया, रोजंदारीवरचे शेतमजूर यांच्या मजुरीला असा आपोआप मिळणारा आधार बहुधा नसतो.