‘विद्यार्थी’ : एका कायदेशीर संज्ञेचा पूर्वेतिहास

परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या परवान्याचा विचार बहुधा पारपत्राच्या इतिहासाचे एक उपांग म्हणून केला जातो. ही दिशा फारशी फलदायी नाही. पारपत्र प्रवाशाची ओळख पटविते. विद्यार्थ्याचा परवाना त्याचा हेतू पारखतो. हेतू पारखावयाचा तर ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेपुरते पाहता ही व्याख्या कोणत्याही विद्यापीठाने केलेली नाही. ती चिनी मजुरांना अटकाव करण्याच्या खटपटीतून, सरकारी कोषागार खात्याच्या कचेरीत, तयार झाली.

१८८० साली पेकिंग येथे झालेल्या तहान्वये चिनी मजुरांच्या आगमनास आळा घालण्याचा अधिकार अमेरिकेने मिळविला. परंतु शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि कुतूहलाने येणारे प्रवासी यांना स्वेच्छेने येण्याजाण्याची मुभा त्याच तहात राखून ठेवलेली होती. १८८२ च्या बहिष्कार कायद्याच्या सहाव्या कलमाने या ‘स्वेच्छे’ला कागदाचे वेष्टन घातले. मजूर नसलेल्या प्रत्येक चिनी इसमाने आपल्या सरकारचा दाखला आणावा आणि त्यात नाव, वय, उंची, शरीरावरील खुणा, पूर्वीचा व सध्याचा व्यवसाय नमूद असावा, असे ठरले. १८८४ च्या दुरुस्तीने त्यावर अमेरिकी वकिलाचा किंवा वाणिज्यदूताचा शेरा आवश्यक केला व शेरा मारण्यापूर्वी मजकुराच्या खरेपणाची चौकशी करण्याचे कामही त्याच्यावर सोपविले. व्हिसा या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘पाहिलेले’ एवढाच आहे. येथे पाहणारा अधिकारी नुसता पाहणारा राहिला नाही. तो निर्णय देणारा झाला.

याच सुमारास, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्या चिनी प्रजाजन नसल्यामुळे सहाव्या कलमाशी त्यांचा संबंध आला नाही. आपण वैद्यक शिकण्यास का जातो याचा खुलासा त्यांनाही करावा लागला खरा. पण तो श्रीरामपूरच्या सभेत, स्वतःच्या समाजापुढे. अमेरिकी सरकारला त्यांच्या हेतूशी कर्तव्य नव्हते. अवघ्या एका पिढीत ही परिस्थिती पालटली.

जून १९०० मध्ये कोषागार खात्याच्या कायदेसल्लागाराने जो अर्थ लावला, तो या सर्व इतिहासाचा गाभा होय. विद्यार्थी तोच, जो वरच्या दर्जाचे शिक्षण घेण्यास किंवा एखाद्या विशिष्ट व्यवसायाची तयारी करण्यास येतो व ज्याला तशी सोय स्वदेशी उपलब्ध नाही. ज्याच्या अमेरिकेतील निर्वाहाची तरतूद आधीच झालेली आहे. आणि जो शिक्षण संपताच चीनला परतणार आहे. या अर्थातील अटी अभ्यासाविषयी जितके बोलतात, त्याहून अधिक पैशाविषयी आणि परतीविषयी बोलतात.

‘विद्यार्थिन्’ या संस्कृत शब्दात ‘अर्थिन्’ हा इच्छेचा वाचक आहे. विद्येची इच्छा एवढीच त्याची पात्रता. निर्वाहाची तरतूद त्यात गृहीत नाही, किंबहुना उलटच संकेत दिसतो. पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून जेवणाऱ्या मुलाच्या विद्यार्थीपणाबद्दल कोणी शंका घेतली नाही. वॉशिंग्टनच्या अर्थानुसार मात्र असा मुलगा विद्यार्थीच ठरत नाही. तो मजूर होण्याचा संभव असलेला इसम ठरतो. गरिबी हाच येथे संशयाचा आधार आहे, आणि व्याख्या तटस्थ भाषेत लिहिलेली असल्यामुळे तो सहजासहजी नजरेस येत नाही.

व्याख्येइतकाच जाच नमुन्याचाही होता. १९०१ साली ओबर्लिन महाविद्यालयाकडे निघालेले फेइ छी-हाओ व कुंग श्यांग-शी हे दोन तरुण सॅनफ्रान्सिस्को बंदरात अडकले. ली हुंग-चांग यांच्यासारख्या थोर मुत्सद्द्याने दिलेले त्यांचे दाखले विहित पद्धतीचे नाहीत, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. ओबर्लिनला पोहोचेपर्यंत १९०३ साल उजाडले. यांतील कुंग पुढे चीनचे अर्थमंत्री झाले. अशा वागणुकीचा संताप १९०५ मध्ये चीनमध्ये अमेरिकी मालावरील बहिष्काराच्या रूपाने प्रकट झाला. तेव्हा कोठे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मुभा असलेल्या वर्गांशी सौजन्याने वागण्याचे हुकूम सोडले. व्याख्या मात्र कायम राहिली.

हिंदुस्थानी विद्यार्थी या चौकटीत आले ते १९१७ मध्ये. तत्पूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला, पांडुरंग खानखोजे ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत आणि भीमराव आंबेडकर कोलंबियाला शिकून गेले होते. १९१७ च्या कायद्याने आशियाचा फार मोठा भाग ‘निषिद्ध क्षेत्र’ ठरविला व त्यात हिंदुस्थान पडला. विद्यार्थ्यांना वगळले होते. परंतु ज्या नात्याने प्रवेश मिळाला ते नाते टिकविले नाही, तर वास्तव्यच बेकायदा मानले जाई. विद्यार्थी असणे ही आता सतत सिद्ध करीत राहण्याची गोष्ट झाली.

१९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांना नागरिकत्वास अपात्र ठरविले आणि १९२४ च्या कायद्याने नागरिकत्वास अपात्र असणाऱ्यांना स्थायिक होण्यासाठी येण्याची बंदी केली. चौथ्या कलमातील विद्यार्थ्यांचा पोटभाग हा जे थोडे अपवाद उरले त्यांपैकी एक होता. वय किमान पंधरा वर्षे, येण्याचा उद्देश ‘केवळ’ अभ्यास आणि संस्था मजूर खात्याने मान्य केलेली, या त्याच्या अटी. शिवाय विद्यार्थ्याचे येणे बंद झाल्यास तसे खात्याला कळविण्याचे संस्थेने कबूल केलेले असावे लागे. मान्यता शिक्षण खात्याची नसून मजूर खात्याची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे कायद्याची नजर कशावर होती ते कळते. त्याहून महत्त्वाचा बदल शेवटच्या अटीने घडविला. सीमेवरील पहाऱ्याचा एक भाग तिने महाविद्यालयाच्या निबंधकाकडे दिला. अध्यापकाच्या हजेरीपटाला कायद्याचे वजन आले, याची दखल शिक्षणाच्या इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही.

१९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. १९५२ च्या कायद्याने विद्यार्थी ‘एफ’ या अस्थायी वर्गात गेला. त्याच्या व्याख्येत ‘जे सोडण्याचा हेतू नाही असे परदेशातील निवासस्थान’ हे शब्द आले, आणि ते अद्याप तेथेच आहेत. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीस उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यापाशी आज संस्थेने दिलेले आय-२० प्रपत्र असते, निर्वाहाच्या रकमेचा पुरावा असतो, आणि परत येणार काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने तयार ठेवलेले असते.